जुन्या सायकलींचे चमत्कारिक ब्रेक: ओळखायचे कसे, बसवायचे कसे (वारंवार विचारले जाणारे प्रश्न)

आधीच सांगतो, माझं दुकान नाही. दुकान मामाचं होतं, यावलला. शाळेच्या सुट्ट्या तिथंच गेल्या, दिवसभर छर्रे मोजायचे, संध्याकाळी रॉकेलनं हात धुवायचे आणि मामीच्या हातची वरणबट्टी हाणायची. आता जळगावात नोकरी करतो आणि रविवारी गच्चीवर जुन्या सायकली उघडून बसतो. दर आठवड्याला कोणीतरी फोटो पाठवतं, "भो, हाई काय शे?" प्रश्न फिरून फिरून तेच असतात म्हणून एकदाच सगळं लिहून टाकतो.

माझ्या सायकलला कुठला ब्रेक आहे हे कसं ओळखू? नाव कुठंच लिहिलेलं नाही.

नाव शोधतच बसू नका, जुन्या ब्रेकवर नाव असलं तरी ते गंजाखाली गेलेलं असतं, आणि बऱ्याचदा ब्रेक एकाचा नि सायकल दुसऱ्याची असते. लिव्हर दाबा आणि डोळे खाली नेऊन बघा की जोर नेमका कुठं पडतोय. जागा चारच आहेत. वरून थेट टायरवर पडतोय का, रिमच्या आतल्या अंगाला म्हणजे स्पोकच्या बाजूनं पडतोय का, रिमच्या दोन्ही गालांवर पडतोय का, का चाकापाशी काहीच हलत नाही आणि सगळं हबमधे, म्हणजे चाकाच्या मधल्या गाभ्यात, चाललंय. एवढं कळलं की निम्मं काम झालं.

रॉड म्हणजे केबलऐवजी लोखंडी सळई दिसली की लोक लगेच "रॉड ब्रेक" म्हणून मोकळे होतात, तसं करू नका. रॉडनं चालणारे ड्रम ब्रेक पण यायचे, तिथं रॉड खाली जाऊन हबच्या दांडीला लागलेला असतो, रिमला नाही. उलट, केबल दिसली म्हणून ब्रेक नवा असंही नाही, बाउडन केबलचं पेटंट १८९६ चं आहे.

फोटो पाठवायचा असेल तर सायकलच्या डाव्या बाजूनं मागच्या हबचा काढा. उजवीकडं चेन असते त्यामुळं मागच्या चाकाची ब्रेकची भानगड बहुतेक डाव्या बाजूला सापडते. पाचोऱ्याच्या एका दादानं मला ब्रेक ओळखायला अकरा फोटो पाठवले, त्यात घंटीचे चार, सीटचे तीन आणि बाकीचे त्यांच्या मांजरीचे. मांजर छान आहे.

आजोबांची काळी चोवीस इंची सायकल आहे, रॉडवाली. तिचे पार्ट मिळतील का?

मिळतील, आणि हेच रॉड ब्रेकचं सुख आहे. रॅले, हंबर, बीएसए (म्हणजे बर्मिंगहॅम स्मॉल आर्म्स, म्हणून त्यांच्या चिन्हावर तीन बंदुका असतात) असल्या इंग्लंडच्या सायकलींचा हा नमुना आपल्याकडं आला आणि मग इथल्याच कारखान्यांनी तो उचलला. मद्रासची टीआय (ट्यूब इन्व्हेस्टमेंट्स) १९४९ ची, सोनीपतची अ‍ॅटलस १९५१ ची, लुधियान्याची हिरो १९५६ ची. सगळ्यांची काळी सायकल दिसायला बहिणी-बहिणीच. त्यामुळं ब्रेक रबर, रॉड, नट, स्प्रिंग हे तालुक्याच्या गावात जुन्या दुकानदाराकडं अजून डब्यात पडलेलं असतं. किंमत किती येईल ते मला विचारू नका, आजोबांची सायकल विकायची कशाला.

पुढचा रॉड ब्रेक दाबला तर लिव्हर हँडलला टेकते पण सायकल थांबत नाही. कुठून सुरुवात करू?

ब्रेकपासून नाही, चाकापासून.

नीट समजून घ्या कारण इथं सगळे चुकतात. या ब्रेकमधे चाकाच्या वर एक यू आकाराची दांडी असते, सारंगखेड्याच्या जत्रेत घोड्याची रिकीब बघितली असेल ना, अगदी तशी, इंग्रजीत पण तिला स्टिरप म्हणजे रिकीबच म्हणतात. तिच्या दोन टोकांना दोन रबर. लिव्हर दाबली की रॉड ही रिकीब वर ओढतो आणि रबर रिमच्या आतल्या अंगाला, निप्पलच्या (स्पोक आवळायच्या नटांच्या) दोन्ही बाजूंना, खालून वर दाबले जातात. म्हणजे जोर चाकाच्या मध्यापासून बाहेर जातो. आता चाक डावं-उजवं थोडं डुलत असेल तर या ब्रेकला फारसा फरक पडत नाही, पण चाक वर-खाली उडत असेल, म्हणजे रिम अंडाकार झाली असेल, तर एका जागी रबर घासतं आणि दुसऱ्या जागी पोचतच नाही. कॅलिपर ब्रेकचं, म्हणजे रिमचे दोन्ही गाल चिमटीत धरणाऱ्याचं, बरोबर उलटं आहे, त्याला डोलणं चालत नाही. त्यामुळं आउट काढायला, म्हणजे चाक सरळ करायला, दिलं की कारागिराला स्पष्ट सांगा, "उडी काढ, रॉड ब्रेक आहे." नाहीतर तो फक्त डोलणं काढतो, चाक फिरवून दाखवतो, तुम्ही खूष होता, आणि घरी आल्यावर ब्रेक जसाच्या तसा.

उडी निघाली की मग रॉड. हँडलखालून येणाऱ्या रॉडवर जोडाचा एक नट असतो, तो ढिला केला की खालची रिकीब वर-खाली सरकते. रबर आणि रिम यांच्यात साधारण २ ते ३ मिलिमीटर फट ठेवा, म्हणजे दोन नाणी एकावर एक ठेवून आत जातील एवढी, आणि नट आवळताना रिकीब एका हातानं धरून ठेवा नाहीतर ती फिरते आणि एक रबर पुढं एक मागं होतं. दोन्ही रबर एकाच वेळी टेकायला पाहिजेत. एक आधी टेकत असेल तर रॉडला दोष देऊ नका, फोर्कच्या (पुढच्या चाकाच्या चिमट्याच्या) दोन्ही पायांवर रिकीब सरकायला जे गाईड बसवलेले असतात त्यातला एक वाकलेला किंवा खाली घसरलेला असतो. तो सरळ करा.

मग लिव्हर. हँडलवर ज्या छोट्या बुशांमधे लिव्हरची दांडी फिरते तिथं वीस वर्षांची धूळ आणि तेल मिळून डांबर झालेलं असतं. रॉकेलनं धुवा, एकेक थेंब तेल सोडा, जास्त नको, तेल ओघळून खाली रिमवर आलं तर केलेलं सगळं पाण्यात.

अजून एक गंमत. घरात पोरगा उंच झाला म्हणून हँडल दोन बोटं वर केलं आणि दुसऱ्या दिवसापासून ब्रेक जाम, असा फोन मला वर्षातून चार-पाच वेळा येतोच. लिव्हर हँडलवर आहे म्हटल्यावर हँडलबरोबर रॉड पण वर जाणारच की हो! हँडल हलवलं की ब्रेकची फट नव्यानं लावायची.

रबर पत्र्याच्या घरात सरकवलेलं असेल तर त्या घराचं बंद तोंड कुठं आहे ते बघा. चाक फिरताना रबराला ज्या दिशेनं ओढतं त्या दिशेला बंद तोंड पाहिजे. उलटं बसवलं तर जोरात ब्रेक दाबल्यावर रबर घरातून निसटून रस्त्यावर. हे मी स्वतः केलेलं आहे, भुसावळला, उतारावर, आणि समोर भाजीची गाडी होती. वांगी माफ झाली, मामाचं बोलणं नाही झालं.

मागचा रॉड ब्रेक कालपर्यंत नीट होता, चेन ताणून आणली आणि आता चाक फिरतच नाही.

ब्रेक तोच आहे, चाक सरकलंय. मागची रिकीब पायडलच्या डब्याच्या मागं, खालच्या दोन पाइपांवर असते, आणि तिचे रबर रिमच्या आतून म्हणजे हबच्या बाजूला बसलेले असतात. चेन ताणायला तुम्ही चाक मागं ओढलं, रिम मागं आली, सरळ रबरावर जाऊन टेकली. रॉडचा जोड ढिला करून रिकीब तेवढीच मागं घ्या, झालं. आणि चेन ढिली करायला चाक पुढं आणलं असेल तर उलट होतं, लिव्हर पोकळ लागते. म्हणून क्रम पक्का ठेवा: आधी चेन, मग चाक मधोमध, मग ब्रेक.

दुधाच्या कॅन वाहिलेल्या सायकलींचा वेगळा आजार असतो. कॅन दोन्ही बाजूंनी लटकवून लटकवून, चढवता-उतरवता धक्के बसून मागचा लांब रॉड वाकतो. वाकलेला रॉड ओढला की आधी तो सरळ व्हायला बघतो आणि मग उरलेली ओढ रबरापर्यंत पोचते. तुम्ही कितीही नट आवळा, लिव्हर मऊच लागणार. रॉड काढा, सपाट फरशीवर लोळवा, उचलतो तिथं लाकडाच्या ठोकळ्यावर हलक्या हातानं ठोका. पायडलजवळची एल आकाराची पत्ती पण बघून घ्या, तिचं भोक झिजून लांबट झालेलं असलं तर बुश घालून घ्या.

नवीन रिम टाकली, नवीन रबर टाकले, तरी रॉड ब्रेक धरत नाही. फसवलं का मला?

बहुतेक चुकीची रिम दिलीय. रॉड ब्रेकच्या रिमचा आकारच वेगळा असतो, तिला वेस्टवुड म्हणतात, बाजू गोलसर आणि आतून निप्पलच्या दोन्ही अंगाला रबर बसायला खांदा. कॅलिपरची जुनी रिम म्हणजे एंड्रिक, तिचे गाल सपाट असतात कारण तिथं रबर बाजूनं दाबतं. सपाट गालाच्या रिमला आतून रबर लावलं तर ते कडेवर टेकतं आणि घसरतं, आणि वेस्टवुडला कॅलिपर लावला तर गोल गालावर रबराची एक रेघच टेकते. रॅलेवाल्यांनी दोन्ही चालेल अशी मधली रिम पण काढली होती, वेस्टरिक, जुन्या रॅलेवर दिसली तर सोडू नका.

मला स्वतःला एका दुकानदारानं "सगळ्या अठ्ठावीस इंची चाकाच्या रिम सारख्याच" म्हणून सपाट गालाची दिली होती, चाक बांधून झालं, पैसे दिले, मग कळलं. परत घ्यायला तयार नाही, वर मलाच म्हणे की ब्रेक जुना झालाय, फेकून द्या. ती रिम अजून गच्चीवर आहे, तिच्यावर गिलक्याचा वेल चढवलाय. तेव्हापासून रिम घ्यायला जाताना जुनी रिम बरोबर नेतो आणि आतल्या अंगाला अंगठा फिरवून बघतो, खांदा लागला तरच घ्यायची.

भो, ब्रेक दाबा का सायकल रडस, आते काय करानं?

रडू नको देऊ! बरं, तीन कारणं असतात आणि तिन्ही खान्देशात जोरात आहेत.

पहिलं म्हणजे रबर कडक झालेलं. मे महिन्यात आपल्याकडं पारा ४५ च्या आसपास जातो, सायकल उन्हात उभी, रबराचं लाकूड होतं. नख रोवून बघा, खूण उमटली नाही तर ते रबर मेलं. आणि "नवीन आणलंय" हे सांगू नका, पत्र्याच्या दुकानात दहा उन्हाळे डब्यात काढलेलं रबर पाकिटातून काढलं म्हणजे नवीन होत नाही. नुसता वरचा थर चकाकत असेल तर सँडपेपर मारून चालतं.

दुसरं, रिमवर काहीतरी चिकटलेलं. सावद्याच्या एका काकांची सायकल आली होती, ब्रेक दाबला की आधी काही नाही आणि मग एकदम गच्च धरून किंचाळायचा. रबर बदलून झाले होते दोनदा. रिमवर बोट फिरवलं तर चिकट काळा थर, काका रोज केळीचे घड कॅरिअरला बांधून आणायचे आणि चीक गळून रिमवर वाळत होता. रॉकेलचं फडकं, मग साबणाचं पाणी, मग कोरडं फडकं. काम फुकटात झालं, काकांनी डझनभर केळी दिली.

तिसरं कारण बाजूनं दाबणाऱ्या ब्रेकचं, कॅलिपर किंवा त्रिकोणी तारवाल्यांचं. रबर अख्खं एकदम टेकलं तर थरथरतं. चाक फिरायच्या दिशेनं रबराचं पुढचं टोक केसभर आधी टेकेल असं वळवा, मागच्या टोकाला एखादा मिलिमीटर फट. आवळताना मागच्या टोकाखाली जाड पुठ्ठ्याचा तुकडा धरला की आपोआप जमतं.

सायकलला ब्रेकची लिव्हरच नाही! मालक म्हणतो ब्रेक आहे.

मालक खरं बोलतोय. पायडल उलटं मारा. हा कोस्टर ब्रेक, मागच्या हबच्या आत असतो. ओळख म्हणजे डाव्या बाजूला हबमधून निघालेली एक चपटी पट्टी मागच्या खालच्या पाइपला क्लिपनं बांधलेली दिसेल. अमेरिकेचा न्यू डिपार्चर, जर्मनीतल्या श्वाइनफुर्टच्या फिश्टेल अँड झाक्सचा टॉर्पेडो, बर्मिंगहॅमचा पेरी, अमेरिकेचाच बेंडिक्स, ही नावं त्या पट्टीवर किंवा हबवर कोरलेली असतात, ग्रीस पुसून बघा.

याला बाहेरून अ‍ॅडजस्ट करायचं असं जवळपास काहीच नसतं, आणि म्हणूनच लोक नको तिथं पाना लावतात. बघायचं ते ती पट्टी. उलटं पायडल मारल्यावर हबच्या आतला सगळा पीळ त्या पट्टीवर येतो. क्लिप ढिली किंवा गायब असेल तर पट्टी फिरते, आतलं एक्सल तिच्याबरोबर फिरतं, कोन (एक्सलवरचा, छर्रे दाबून धरणारा नट) आवळला जातो किंवा सुटतो, चाक जाम तरी होतं नाहीतर ब्रेक जातो तरी. चाळीसगावच्या एकानं क्लिपच्या जागी सुतळी बांधली होती. सुतळी! क्लिप पाइपाच्या जाडीची घ्या, नट-बोल्ट लावून आवळा. मग कोनचा खेळ बघा, चाक मोकळं फिरलं पाहिजे पण रिमला धरून हलवलं तर अगदी नावापुरतं हललं पाहिजे.

दुसरी गोष्ट ग्रीस. आत ब्रेक लागला की लोखंडावर लोखंड किंवा पितळ घासतं, ते ग्रीसमधेच चालायचं असतं, पण लांब उतारावर ग्रीस जळून धूर निघतो. कॅलिफोर्नियात फेअरफॅक्स गावाजवळ १९७६ मधे काही पोरं जुन्या कोस्टरवाल्या सायकली डोंगरावरून खाली सोडायची शर्यत लावायची, त्या उतारालाच "रिपॅक" नाव पडलं, कारण एकदा खाली आलं की हब उघडून पुन्हा ग्रीस भरावं लागायचं. त्यातूनच पुढं माउंटन बाइक आली. तर तोरणमाळवरून किंवा कन्नड घाटातून कोस्टरवर उतरायचा विचार असेल तर ही गोष्ट आठवा. आणि चेन पडली की हा ब्रेक पण गेला, म्हणून पुढच्या चाकाला एक वेगळा ब्रेक असलाच पाहिजे, मी त्याशिवाय कोस्टरवाली सायकल कोणाला चालवायला देत नाही.

हब डब्याएवढा जाड आहे, आतून "खर्र" आवाज येतो. हे काय?

ड्रम ब्रेक. मोटरसायकलला असतो तोच, छोटा. इंग्लंडच्या स्टर्मी-आर्चरचे १९३० च्या दशकापासून सायकलींना यायला लागले, बाहेर एक दांडी, ती ओढली की आत दोन शू फाकतात आणि ड्रमला आतून घासतात. हबवर "ए बी" लिहिलेलं असेल तर तीन गिअर आणि ब्रेक एकाच हबमधे आहेत, तो तुमच्या हातात आलाय म्हणजे नशीब जोरात आहे.

केबलच्या टोकाला फुलीदार नट असतो, तो फिरवून चाक जेमतेम मोकळं फिरेल इतपत आवळायचं. एवढ्यानं भागलं नाही तर ही युक्ती करा: एक्सलचा नट थोडा ढिला करा, चाक फिरवा, ब्रेक गच्च दाबा, आणि दाबून धरलेला असतानाच नट आवळा. शू आपोआप मधोमध बसतात. एका माणसाचं काम नाही, घरातल्या कोणाला तरी लिव्हर धरायला लावा. इथंही एक पट्टी फोर्कला किंवा पाइपाला बांधलेली असते, ती सुटली तर ब्रेक दाबल्यावर अख्खी प्लेट गरागरा फिरते आणि केबल तुटते.

आणि हे मात्र मजेत घेऊ नका. शूवरच्या जुन्या लायनिंगमधे (घासणाऱ्या थरात) अ‍ॅस्बेस्टॉस असू शकतं, त्याची धूळ फुफ्फुसाला घातक. ड्रम उघडला की फुंकर मारायची नाही, पंपानं हवा मारायची नाही, कोरडा सँडपेपर घासायचा नाही. ओल्या फडक्यानं पुसा आणि ते फडकं पिशवीत बांधून टाका. मामा फुंकर मारायचा, आम्ही पण मारायचो, तेव्हा कोणाला माहीत होतं.

मागच्या चाकाला डावीकडं पत्र्याची डबी आहे आणि ब्रेक लावला की कुत्री भुंकतात.

बँड ब्रेक. डबीत एक ड्रम फिरतो आणि त्याच्याभोवती पट्टा बाहेरून आवळला जातो. किंचाळणं हा याचा जन्मजात गुण आहे. पट्ट्याचं आतलं लायनिंग साफ करा, तेल लागलं असेल तर बदला, केबलचा नट आवळा. सायकल मागं ढकलताना तो नीट धरत नाही ही तक्रार घेऊन येऊ नका, पट्टा एकाच दिशेला आवळतो.

चाकाच्या वर तारेचा त्रिकोण आहे आणि दोन हात. कुठला ब्रेक आणि मधोमध कसा आणू?

इथं दोन भाऊ आहेत आणि लोक दोघांना एकच समजतात. दोन्ही हात एकाच पट्टीवर बसवलेले असतील आणि ती पट्टी फ्रेमच्या मधल्या एका बोल्टला असेल तर तो सेंटर-पुल. प्रत्येक हात फोर्कच्या आपापल्या पायावर वेगळ्या खुंटीवर असेल तर कँटिलिव्हर.

सेंटर-पुलमधे सगळ्यात जास्त भेटतो तो फ्रान्सच्या क्लेरमाँ-फेराँ गावच्या माफाकचा "रेसर", १९५२ पासूनचा. मग वाइनमान कंपनीचे, आणि त्यांच्या परवान्यावर जपानच्या डाया-कोंपेनं केलेले. आपल्याकडं हे परदेशातून कोणी बरोबर आणलेल्या सायकलींवर सापडतात. मधोमध आणणं एकदम सोपं: मागचा नट थोडा ढिला, अख्खा ब्रेक हातानं फिरवा, आवळा. साध्या साइड-पुल (केबल एका बाजूनं ओढणाऱ्या) कॅलिपरला यापेक्षा जास्त डोकं लावावं लागतं, तिथं मधला बोल्ट पान्यानं धरून फिरवावा लागतो.

माफाकचे रबर एका डोळ्याच्या बोल्टमधे गुळगुळीत दांडीवर असतात, म्हणजे आत-बाहेर, वर-खाली, तिरकं, सगळीकडं फिरतात. वरदान पण आणि शाप पण, एक नट ढिला केला की चारही दिशा एकदम सुटतात. एका वेळी एकच रबर लावा, पुठ्ठा धरा, घाई करू नका. मला पहिल्यांदा दीड तास लागला होता, आता वीस मिनिटं.

कँटिलिव्हरमधे त्या त्रिकोणाची उंची महत्त्वाची आहे. आडवी तार खाली, चाकाजवळ घेतली तर जोर वाढतो पण लिव्हर जास्त ओढावी लागते, वर घेतली तर लिव्हर टणक लागते पण जोर कमी. टणक लिव्हर म्हणजे चांगला ब्रेक असं वाटतं, ते खोटं आहे. आणि मुख्य केबल तुटली तर ती आडवी तार थेट टायरवर पडते, पुढच्या चाकाला पडली तर माणूस हँडलवरून पुढं. म्हणून खाली रिफ्लेक्टरची पट्टी किंवा मडगार्ड असू द्या, तार तिथं अडकते.

ब्रेक सापडतच नव्हता, शेवटी पायडलच्या मागं, पाइपांच्या खालून निघाला. उलटा बसवलाय का कोणी?

नाही, १९८० च्या दशकातल्या माउंटन बाइकची फॅशन होती ती. दोन हात एकमेकांना ओलांडून जाणारे असतील तर यू-ब्रेक, आणि मधे त्रिकोणी पत्ती दोन रोलरमधून वर ओढली जात असेल तर रोलर-कॅम, तो चार्ली कनिंगहॅमच्या डोक्यातून निघाला आणि जपानच्या सनटूर कंपनीनं बनवला. ताकद भरपूर, पण आपल्या काळ्या मातीत पावसाळ्यात चालवला तर ब्रेक नाही, चिखलाचा गोळा घेऊन घरी येता.

एक धोका लक्षात ठेवा. यू-ब्रेकचं रबर झिजत जातं तसं ते वर, टायरच्या बाजूला चढतं, आणि टायर कापतं. कँटिलिव्हरचं उलटं, ते झिजलं की खाली, स्पोकमधे घुसतं. त्यामुळं महिन्यातून एकदा वाकून बघा. दोघांच्या खुंट्या वेगळ्या उंचीवर असतात, एकाचा ब्रेक दुसऱ्याच्या खुंटीवर बसवायच्या नादाला लागू नका.

चमच्यासारखा पत्रा टायरवर दाबतो, असा ब्रेक आहे. चालवू का?

नको. स्पून ब्रेक, उंच चाकाच्या सायकलींच्या काळातला, तेव्हा टायर भरीव रबराचा असायचा. १८८८ मधे डनलॉपचा हवेचा टायर आल्यावर हा ब्रेक टायरच खायला लागला. घरात सजवून ठेवा. अशा सायकली नीट बघायच्या असतील तर पुण्यात कर्वेनगरला विक्रम पेंडसे यांचं सायकल म्युझियम आहे, एक दिवस काढून जा.

रॉड काढून सरळ केबलचे कॅलिपर लावले तर?

रिम बदलावी लागेल (वरचं वाचा), फोर्कला मधलं भोक आहे का आणि हात रिमपर्यंत पोचतात का बघावं लागेल, हँडल बदलावं लागेल कारण लिव्हर त्याच हँडलला जोडलेल्या असतात. एवढं सगळं बदलून आजोबांच्या सायकलचं काय उरलं, सीट? नीट लावलेला रॉड ब्रेक गावातल्या वापराला पुरून उरतो. आणि कोणी भोक पाडायला ड्रिल काढलं तर सायकल उचला नि घरी या.

इंग्लिश सायकलच्या ब्रेकला आपला नट बसतो पण अर्ध्यात अडकतो. तेल टाकून फिरवू?

थांबा! आटे वेगळे आहेत. जुन्या रॅलेच्या बऱ्याच आट्यांमधे इंचाला २६ आटे असतात, आपला मिलिमीटरचा नट दोन फेरे जातो आणि मग दोघांचे आटे खातो. जुना नट गंजला असेल तरी फेकू नका, रॉकेलमधे दोन दिवस बुडवा. हरवलाच असेल तर भंगारात तसल्याच सायकलचा शोधा.

पावसाळ्यात ब्रेकच लागत नाही, हे नॉर्मल आहे का?

क्रोम केलेल्या स्टीलच्या रिमला पाणी लागलं की रबर घसरतं, हे नॉर्मल आहे आणि धोक्याचं पण आहे. सिग्नलच्या बरंच आधी हलकं दाबत राहा, पाणी पुसलं जातं, मग जोर लावा. चामडं लावलेले रबर पूर्वी यासाठीच यायचे, मिळाले तर जपून ठेवा. रॉड ब्रेकला दुसरा त्रास काळ्या मातीचा. गाईडमधे माती वाळली की रिकीब वर जाते पण परत खाली येत नाही, चाक घासत राहतं, तुम्हाला वाटतं पंक्चर आहे. जुन्या दातघासणीच्या ब्रशनं गाईड साफ करा. पाण्याचा पाइप लावून हबवर मारू नका, ड्रम आणि बँडवाल्यांनी तर अजिबातच.

सगळं लावून झालं. घाटात न्यायच्या आधी तपासू कसं?

सायकलवर बसू नका. पुढचा ब्रेक दाबून सायकल पुढं ढकला, मागचं चाक उचललं पाहिजे. मग मागचा दाबून ढकला, चाक फरपटलं पाहिजे. दोन्ही वेळा लिव्हर आणि मूठ यांच्यात दोन बोटं जागा उरायला हवी. कोस्टर असेल तर पायडल आडवं ठेवून मागच्यावर पायानं भार टाका आणि ढकला. नंतर सगळे नट पुन्हा एकदा पान्यानं बघा, पहिल्या दाबण्यात ते बसतात आणि ढिले होतात. मग घरासमोर दहा फेऱ्या, आणि दोन-तीन दिवस सपाट रस्त्यावर चालवून पुन्हा एकदा फट. नवीन रबर पहिल्या दोन-तीन दिवसांत बसून घेतं, त्यामुळं तेव्हा लिव्हर थोडी पोकळ लागली म्हणून लगेच मला फोन करू नका, रॉडचा जोड अर्धा सूत वर घ्या.